सगळं दाखवलं, पाठ तेवढी सोडून

जोतिबा वस्तादाला टीव्हीचा जेवढा राग आला तेवढा जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि टीव्हीची त्यानं जेवढी वाट पाहिली तेवढीही कुणाची पाहिली नव्हती. दर शनिवारी ऊन उतरलं की तो तालमीला कुलूप घालायचा, फेटा नीट करायचा आणि सुभेदार लालासाहेबांच्या सोप्यात पहिल्या रांगेत जाऊन बसायचा. परत यायचा तेव्हा मात्र सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात बोलत यायचा.

वाघजाईवाडीत टीव्ही एकच. लालासाहेब पलटणीतून पेन्शनीवर आले तेव्हा लोकांना वाटलं, आता ट्रॅक्टर घेतील. त्यांनी टीव्ही आणला. सातारच्या उत्तरेला हे गाव टेकाडावर वसलेलं, म्हणून लांबून येणारं चित्र इथं कसंबसं का होईना पोचत होतं. वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या चालायच्या. मग कुणीतरी छपरावर चढून अँटेनाचा बांबू धरून उभं राहायचं, आणि खालून ‘जरा सातारकडं... आता पुन्याकडं... थांब थांब, हालू नगंस’ असे हुकूम सुटायचे.

टीव्ही आला त्याची मजा महिनाभर पुरली. मग गावाला मतं फुटली. टीव्हीवाले शेतकऱ्यांसाठी म्हणून जे काही दाखवायचे त्यात बायका गुडघाभर चिखलात भात लावायच्या. वाघजाईवाडीत ऊस आणि जोंधळा. भात पाहायचा तर पानात. सुभेदारीण मनुबाईची तक्रार वेगळीच होती.

"बायकांचा कार्यक्रम लावत्यात आन तो बी म्हशी पिळायच्या वक्ताला," ती म्हणायची. "त्यांच्यात कुनाच्या घरी म्हसच न्हाई का काय? परवा म्हनं भट्टीत केक कसा भाजायचा. म्या धार सोडून पळत आले, तर म्हशीनं बादली लाथाडली. केक बी गेला आन दूद बी गेलं."

जोतिबाला यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. त्याला एकच गोष्ट पाहायची होती. सांगलीच्या मैदानात त्याच्या अर्जुनाची पाठ मातीला लागली की नाही, एवढंच.

झालं होतं ते असं. दिवाळीनंतर सांगलीला मोठं मैदान भरलं. जोतिबाचा पठ्ठ्या अर्जुना आणि आटपाडीकडचा धुळा यांची कुस्ती लागली. धुळा मेंढपाळाच्या घरातला, उंच, हाडापेरानं रुंद. दोघं बराच वेळ एकमेकांना जोखत राहिले. मग धुळानं एकदम खाली शिरून अर्जुनाला खांद्यावर आडवा घेतला आणि कलाजंग मारली, म्हणजे तसाच फिरवून उताणा मातीवर टाकला. मोठा धुरळा उडाला, हलगीवाले बेभान झाले, आणि पंचांनी धुळाचा हात वर केला.

"न्हाई!" जोतिबा गर्दीतून वाट काढत आखाड्यात घुसला. "खांदा उचललेला हुता! पाठ टेकली न्हाई!"

पंच म्हणाले टेकली. जोतिबा म्हणाला धुरळ्यात तुम्हाला काय दिसलं कपाळ? अर्धं मैदान इकडं, अर्धं तिकडं. तेवढ्यात त्याची नजर आखाड्याकडेला तिकाटण्यावर मांडलेल्या कॅमेऱ्यावर गेली. टीव्हीवाले मैदानाचं चित्रण करायला आले होते. जोतिबानं तिकडं हात केला आणि म्हणाला, "मान्साचा डोळा खोटं बघंल, पर ह्ये यंत्र न्हाई बघनार. टीव्हीत दिसंल तवा निकाल. तवर म्या कुस्ती मानत न्हाई."

एवढ्यावर थांबला असता तर तो जोतिबा कसला! गावात आल्यावर लालासाहेबांच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, त्यानं तालमीची किल्ली कमरेची काढून वर धरली.

"टीव्हीत माझ्या अर्जुनाची पाठ टेकलेली दिसली, तर त्या दिसापास्नं म्या तालमीचा उंबरा वलांडनार न्हाई. मग ही किल्ली सुभेदारांच्या हातात. आन निकाल लागंस्तवर अर्जुना दुसरी कुस्ती धरनार न्हाई."

तालीम म्हणजे जोतिबाचं सगळं काही होतं. ती माती त्यानं डोक्यावरून वाहून आणलेली. त्यात ताक, तेल, हळद आपल्या हातानं मुरवलेली. त्याला मूल नव्हतं, बायको जाऊन वर्षं झाली होती. सकाळी उठून तालमीत जायचं नाही तर जायचं कुठं, हे त्याला सांगता आलं नसतं. बोलून गेला आणि रात्री दोनदा उठून तालमीचं कुलूप चाचपून आला. पण बोललेलं मागं घेईल तो वस्ताद कसला.

आता गंमत अशी, की धुळा काही आटपाडीला बसून नव्हता. तिकडं दिवाळी सरली की चारा संपतो, म्हणून धुळाचा चुलता बिराप्पा मेंढरं घेऊन दरसाल सातारच्या बागायतीकडं उतरायचा. मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंड्यांचं झकास खत पडतं. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. यंदा बिराप्पाचा कळप नेमका लालासाहेबांच्या रानात येऊन बसला होता. दोन-चार रात्री बसवून तो पुढच्या गावाला जायचा. पण जोतिबाची बोली कानावर गेली आणि बिराप्पानं काठी जमिनीत रोवली.

"निकाल बघितल्याबिगर माझी मेंढरं हालायची न्हाईत," तो म्हणाला. "मागनं कुनी म्हनाय नगं, बिराप्पा भिऊन पळाला."

पहिल्या शनिवारी सोपा माणसांनी फुलून गेला. वारं होतं म्हणून छपरावर कुणी जायचं असा प्रश्न निघाला, तर अर्जुना आपण होऊन चढला. "तू न्हाई बघनार व्हय रं?" कुणीतरी विचारलं. "तुमी बगा की," तो वरून म्हणाला. पडद्यावर एक बाई आली, गोड हसली आणि काही अपरिहार्य कारणामुळे कुस्त्यांचा कार्यक्रम आज दाखवता येत नाही असं म्हणाली. मग एका टेबलाच्या दोन अंगाला दोन माणसं उभी राहिली आणि एवढासा चेंडू इकडून तिकडं मारू लागली. बिराप्पाची मान बराच वेळ डावी-उजवी होत राहिली.

"चेंडू केवढा, आन घाम केवढा!" तो शेवटी म्हणाला.

पुढच्या खेपेला कुणी थोर माणूस वारला होता, म्हणून सगळी संध्याकाळ सारंगी. लालासाहेबांनी शिस्तीत सगळ्यांना सावधान उभं केलं. सारंगी काही थांबेना. म्हातारी माणसं एकेक करून खाली बसली, तेव्हा सुभेदारांनीही ‘विश्राम’ दिला. त्यानंतर एकदा पाण्यातल्या शर्यती निघाल्या, एकदा बुद्धिबळ. बुद्धिबळ पाहताना तर जोतिबा तिरीमिरीत उठला आणि टीव्हीची लाकडी दारं धाडकन लावून टाकली.

"मुर्दाडांनो! हित मान्सं तालमी सोडून बसल्यात आन तुमी सोंगट्या दाखवताय? सांगलीचं मैदान काय खड्ड्यात घातलं का?"

"वस्ताद, त्यास्नी न्हाई ऐकू जात," लालासाहेब म्हणाले. ते तसे मजेत होते. टीव्हीवाल्यांविरुद्ध सगळं गाव बोलत असताना ते एकटेच सबुरीनं घ्या म्हणायचे, आणि का ते हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. एक शनिवार चुकला की बिराप्पाची मेंढरं पुढच्या तुकड्यात बसायची. माळाचं रान झालं, विहिरीकडचं झालं, ओढ्याकाठचं चालू होतं. असं खत त्या जमिनीनं सात पिढ्यांत पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात जोतिबाची मात्र भलतीच पंचाईत झाली. धुळा रानात मेंढरांमागं फिरतोय, अंगाला मेहनत नाही, हे त्याच्यातल्या वस्तादाला सोसेना. भांडण भांडणाच्या जागी. पण पैलवानाचं अंग उतरावं हे पाप. चार दिवस त्यानं दम धरला. पाचव्या दिवशी मेंढरांच्या कळपात जाऊन उभा राहिला.

"सकाळी तालमीत येत जा," तो दुसरीकडं बघत म्हणाला. "म्हशीचं दूद ठिवलेलं आसंल. म्या तुज्याशी बोलनार न्हाई, ह्ये ध्यानात ठेव."

धुळा येऊ लागला. अर्जुना आणि तो जोडीनं जोर मारायचे, एकमेकांच्या अंगाला माती लावायचे, आणि जोतिबा कोपऱ्यात बसून, न बोलण्याचं ठरवलेलं असूनही, "गुडगा आत घे की रं" म्हणून ओरडायचा. धुळा मुरलेला गडी होता. खाली शिरताना त्याची कंबर अशी काही वळायची की जोतिबाच्या घशात ‘वाह’ येऊन अडकायचं. ते तो गिळून टाकायचा आणि उठून बाहेर जायचा. संध्याकाळी पारावर मात्र त्याचं पालुपद चालूच. "कलाजंग आसंल कलाजंग. म्या कुठं न्हाई म्हंतुय? पर खांदा उचललेला हुता."

अर्जुना यावर कधी काही बोलला नाही. आष्ट्याचं मैदान जवळ आलं होतं. आजूबाजूचे पैलवान जोड्या ठरवत होते, आणि हा आपला गप्प मान घालून माती उकरत बसायचा. जोतिबाला वाटायचं, पोरगं अन्यायानं खचलंय. मग त्याला टीव्हीवाल्यांचा आणखी राग यायचा.

शेवटी फाल्गुनात एका शनिवारी ती बाई पडद्यावर आली, हसली, आणि म्हणाली, सांगलीच्या कुस्त्या. सोप्यात असा गलका झाला की मनुबाई धार टाकून दुधाच्या हातानं धावत आली. "आज म्हशीनं बादली फोडली तरी चालंल," म्हणत ती उंबऱ्यात बसली. अर्जुना छपरावर होताच. जोतिबानं घाम पुसला. त्याच्या एका हाताला बिराप्पा बसला होता, दुसऱ्या हाताला धुळा. कमरेला किल्ली जड झाली होती.

आधी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस बोलला. तो कुस्तीची परंपरा सांगत होता. खूप सांगत होता. मग कृष्णेचा घाट दिसला. मग मैदानाबाहेरचा फुगेवाला, गारेगारवाला, बैलगाड्यांचे सोडलेले बैल.

"बैलं आमच्यात बी हायत रं बाबा!" जोतिबा कळवळून म्हणाला.

मग आली, एकदाची कुस्ती आली. अर्जुना आणि धुळानं एकमेकांच्या हाताला माती लावली. चित्र एवढं स्वच्छ कधीच आलं नव्हतं; अर्जुनाच्या पाठीवरचा मातीचा पट्टासुद्धा दिसत होता. झोंबाझोंबी झाली. धुळा वाकला, आत शिरला, आणि अर्जुना त्याच्या खांद्यावर आडवा झाला. वर गेला. अजून वर गेला. फिरला, आता खाली येणार—

आणि पडद्यावरून आखाडाच नाहीसा झाला. तिथं गर्दी दिसू लागली. प्रेक्षकांची तोंडं.

"आरं पाठ! पाठ दाखवा की!" सगळा सोपा उठून उभा राहिला. कुणी पायताण उगारलं. लालासाहेबांनी पलटणीतली एक अस्सल शिवी हासडली. "मान्सं काय दाखवतायसा? खाली बघा, खाली!"

टीव्हीवाल्यांनी खाली काही पाहिलं नाही. त्यांना गर्दीतलं एक तोंड आवडलं होतं आणि ते त्यांनी पडदाभर करून दाखवलं. पांढऱ्या मिशा, वासलेलं तोंड, डोळ्यांत पाणी चमकतंय. त्या माणसानं डोक्याचा फेटा उपसला, गरगर फिरवला आणि आभाळात फेकून दिला. शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली, त्याला उचलून दोन गिरक्या घेतल्या, आणि ‘वाह रं पठ्ठ्या, वाह!’ म्हणून नाचला. मागची सगळी गर्दी अजून वाकून बघत होती. सगळ्या मैदानात पहिला फेटा त्याचा उडाला होता.

तो जोतिबा होता.

लगेच फुलदाणीत फुलं कशी रचावीत याचा कार्यक्रम सुरू झाला. एका बाईनं गुलाबाचा दांडा तिरका कापला. सोप्यात तिकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. आपल्या भागात कुस्ती चीतपट झाली, डोळ्यांचं पारणं फिटलं, की फेटे उडतात. शंका असेल तर माणूस फेटा हातानं घट्ट धरून बसतो. उगाच उडवायची ती वस्तू नव्हे. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकेक करून सगळी डोकी जोतिबाकडं वळली.

जोतिबा पडद्याकडंच बघत होता. फेटा त्या दिवशी पायाखाली सापडला होता खरा. त्याला वाटलं होतं, धक्काबुक्कीत पडला. आता त्याला सगळं आठवलं: धुळाची कंबर वळली ती, पोरगं अलगद उचललं गेलं ते. तशी कलाजंग त्यानं तरुणपणी एकदाच पाहिली होती आणि पुन्हा दिसेल अशी आशा सोडली होती. ती बघताना खाली कोण आणि वर कोण हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. खालचा आपला आहे हे ध्यानात आलं ते फेटा खाली पडल्यावर.

त्यानं कमरेची किल्ली काढली.

"सुभेदार, घ्या," तो म्हणाला.

लालासाहेब मागं सरकले. तेवढ्यात बिराप्पानं काठी आडवी घातली.

"थांबा. बोली काय हुती?" त्यानं विचारलं. "पाठ टेकलेली टीव्हीत दिसली तर. दिसली का कुनाला? मला तर न्हाई दिसली. धुळा, तुला रं?"

"न्हाई बा," धुळा हसू दाबत म्हणाला. "मला निसतं वस्ताद दिसलं."

"मग किल्ली कशापायी द्यायची? वस्ताद, टीव्हीवाल्यांनी समदं दाखवलं, पाठ तेवढी सोडून. तुमची तालीम वाचली बगा!"

सोपा खदाखदा हसला. मनुबाईनं पदर तोंडाला लावला. जोतिबा मात्र हसला नाही. किल्ली मुठीत घट्ट धरून तो अंगणात आला आणि छपराकडं बघून ओरडला, "अर्जुना! खाली ये!"

अर्जुना बांबू सोडून भिंतीवरून उतरला. वरून त्याला काही दिसलं नव्हतं. नुसता गलका आणि हसणं ऐकू आलं होतं. तो समोर येऊन उभा राहिला.

"खरं सांग," जोतिबा म्हणाला. "पाठ लागली हुती?"

"लागली हुती की, वस्ताद," अर्जुना म्हणाला. "दोनी खांदं. मातीचा गारवा कळला मला."

"आन मग येवढं दिस बोलला का न्हाईस रं गाढवा?"

"तुमी समद्यास्नी इचारलं. पंचास्नी, पब्लिकला, टीव्हीवाल्यास्नी. मला कवा इचारलंच न्हाई." अर्जुनानं मान खाली घातली. "आन तुमी किल्लीची शपत घेतल्यावर मग माझी जीबच रेटंना. म्हनून दर बारीला छपरावर जात हुतो. माझ्या डोळ्यांदेखत तुमची तालीम जायाला नगं, आसं वाटायचं."

जोतिबाच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्या त्यानं पुसल्याही नाहीत. पोरानं आपल्यापायी सगळा हंगाम घालवला आणि आपण त्याला न्याय मिळवून देतोय म्हणून मिरवत बसलो, हे त्याला जाळत गेलं. आणि तरी, खरं सांगायचं तर, किल्लीचं ओझं त्याच घटकेला उतरलं. दिवाळीपासून पहिल्यांदा त्याला छाती भरून श्वास घेता आला. त्यानं किल्ली अर्जुनाच्या हातात कोंबली, धोतराचा काचा मारला आणि अंगणाच्या कडेनं लालासाहेबांच्या रानात उतरला. ते रान नुकतंच नांगरलेलं, मेंढरांच्या खतानं मऊ झालेलं होतं. अजून चांगला उजेड होता.

"धुळा! हिकडं ये. ती कलाजंग माझ्यावर टाक."

"वस्ताद, तुमचं वय काय..."

"वय माझं हाय, तुला कशाला वज्जं? टाक म्हंतुय न्हवं! टीव्हीवाल्यांनी ती निम्मीच दाखवली. मला ती आतनं बघायची हाय."

"भावजी, आवं हाडं मोडत्याली!" मनुबाई ओरडली. पण तोवर सगळा गाव बांधावर गोळा झाला होता आणि फुलदाणीतली फुलं सोप्यात एकटीच राहिली होती. धुळानं चुलत्याकडं पाहिलं. बिराप्पानं मान हलवली. धुळा वाकला, कंबर वळली, आणि जोतिबा वस्ताद त्याच्या खांद्यावर आडवा झाला. त्याला बांध दिसला, मग माणसं उलटी दिसली, मग नुसतं आभाळ. धुळानं त्याला तान्ह्या पोराला ठेवावं तसा अलगद मातीवर ठेवला.

जोतिबा तसाच पडून राहिला. खाली माती गार होती, दोन्ही खांद्यांना एकदमच गार लागत होती. अर्जुना घाबरून वाकला तर म्हातारा हसत होता. पोट हलेपर्यंत, मिशा भिजेपर्यंत हसत होता.

"लागली!" तो पडल्यापडल्या ओरडला. "समद्यांनी बगा रं, नीट बगा! दोनी खांदं टेकल्यात. लागली! अर्जुना, माझ्या तोंडाकडं काय बघतुयास? उद्या पैल्या गाडीनं आष्ट्याला जा आन कुस्ती धर!"